तळातून वाढलेलं वरण

श्रोतेहो, नमस्कार.

माझी आत्या एका सरकारी मनोरुग्णालयाच्या स्वयंपाकघरात वाढायच्या कामावर होती. नव्या बाईला ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायची. भल्यामोठ्या पातेल्यात डाव घालायचा तो थेट तळापर्यंत, ढवळायचं आणि मगच वाढायचं. "वरवर वाढत गेलीस तर पेशंटच्या ताटात पिवळं पाणी जातं," ती म्हणायची, "आणि घट्ट डाळ तळाशी राहते. ती कोण जेवतं? आपण. कारण आपण शेवटी बसतो."

आत्याचं हे बोलणं मला फार वर्षांनी नीट कळलं. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतली मोठी सरकारी वेड्यांची इस्पितळं कशी चालत, याबद्दल वाचत होते तेव्हा. त्या काळचा शब्द वेड्यांचं इस्पितळ असाच होता, म्हणून तो वापरते. एरवी तो माझ्या तोंडी येत नाही.

या संस्था म्हणजे एकेक गावच. स्वतःची शेती, गोठे, धोबीघाट, शिवणखोली. रुग्णच शेतात राबायचे, तेच कपडे धुवायचे. पैसा राज्याच्या तिजोरीतून यायचा आणि दरवर्षीच्या अहवालात दरडोई खर्च छापला जायचा. तो आकडा खाली आला की अधीक्षकाची पाठ थोपटली जायची. आता माणसं तर वाढत चाललेली. इमारत आखडता येत नाही, पगार कापले तर परिचारक निघून जातात. मग काटकसर कुठे व्हायची? ताटात. दक्षिणेकडच्या राज्यांत मका सगळ्यांत स्वस्त. सकाळी मक्याच्या कण्या, दुपारी मक्याचा पाव, सोबत खारवलेल्या डुकराच्या चरबीचा तुकडा आणि वर काकवी. पोट भरायचं. वजनाच्या हिशेबात अन्न पुरेसं होतं, म्हणून कुणाला शंका आली नाही.

१९०६ साली अलाबामा राज्यातल्या माउंट व्हर्नन इथल्या, कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या इस्पितळात एकदम ८८ जण आजारी पडले. त्यातले ५७ दगावले. हातांची कातडी मनगटापर्यंत लाल होऊन मग काळवंडायची, खरखरीत व्हायची, सोलून निघायची. गळ्याभोवती माळ घातल्यासारखा पट्टा उठायचा. मग जुलाब, मग भ्रम, मग मृत्यू. जॉर्ज सिअर्सी या डॉक्टरांनी तो रोग ओळखला: पेलाग्रा. इटालियन भाषेत याचा अर्थ खरबरीत कातडी. इटली आणि स्पेनमध्ये मका खाणाऱ्या गरिबांत तो शे-दीडशे वर्षं ठाण मांडून होता. साउथ कॅरोलिनाच्या सरकारी इस्पितळाचे अधीक्षक जेम्स बॅबकॉक तर तो पाहायला थेट इटलीला जाऊन आले. आपल्या वॉर्डातला रोग आणि तिथला रोग एकच, अशी त्यांची खात्री झाली.

या रोगात मन बिघडतं, हे इथे लक्षात घ्यायला हवं. म्हणजे काही माणसं पेलाग्रामुळे भ्रमिष्ट होऊन इस्पितळात येत होती, आणि काही जण दुसऱ्याच कारणाने येऊन, तिथलं अन्न खाऊन, पेलाग्राने आणखी भ्रमिष्ट होत होती. त्या वॉर्डात कोण कुठल्या वाटेने आलं, हे कसं कळावं?

बहुतेक डॉक्टरांना वाटे की हा संसर्ग आहे. कुणी माशीवर संशय घेतला, कुणी सांडपाण्यावर. १९१४ साली अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने जोसेफ गोल्डबर्गर यांना या कामावर नेमलं. संसर्गजन्य रोगांचा हा जाणता माणूस. तो वॉर्डांतून हिंडला आणि त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. रुग्ण आजारी पडतात, पण रात्रंदिवस त्यांच्याजवळ असणाऱ्या परिचारिका आणि परिचारक यांना हा रोग होत नाही.

जॉर्जिया राज्यात मिलेजव्हिल इथे १८४२ साली सुरू झालेलं फार मोठं इस्पितळ होतं. तिथल्या नोंदी त्याने उघडल्या. १९१० साली दाखल झालेल्यांपैकी वर्षानंतरही तिथेच असलेले ४१८ रुग्ण. त्यातल्या ३२ जणांना पेलाग्रा झाला होता. त्याच आवारात राहणारे २९३ कर्मचारी. त्यातल्या एकालाही नाही. संसर्ग असता तर तो माणसाचा हुद्दा पाहून थांबला नसता.

दोघांचं जेवण एकच, असं सांगितलं जाई. कागदावर होतंही. पण गोल्डबर्गर यांनी नेमकं लिहून ठेवलं की परिचारिकेला निवडायची मुभा असते आणि ती निवडते: चांगला तुकडा, जास्त प्रकार. शिवाय तिला बाहेरून काही आणून खाता येतं. रुग्णाला समोर येईल ते. त्यातून तो अशक्त असेल, गप्प बसणारा असेल, तर शेजारचा धडधाकट रुग्ण त्याच्या ताटातलं उचलतो. आत्याचं पातेलं मला इथे आठवलं.

मग मिलेजव्हिलमध्ये त्याने बायकांचे दोन वॉर्ड निवडले, एक गोऱ्या बायकांचा, एक काळ्या. तिथे सगळंच वेगळं असे, ताटंसुद्धा. या सगळ्या आधी पेलाग्रा होऊन गेलेल्या. मका कमी केला. दूध आलं, अंडी आली, ताजं मांस, वाटाणे-घेवड्यासारखी कडधान्यं आणि ताक. होय, ताक. औषध काही नाही. वॉर्डाची साफसफाई, पाणी, झोपण्याची दाटी, सगळं पूर्वीसारखंच ठेवलं. वर्षभर नजरेखाली राहिलेल्या ७२ बायका, ३६ गोऱ्या आणि ३६ काळ्या. एकीलाही रोग उलटला नाही. तुलनेसाठी जुन्याच अन्नावर ठेवलेल्या ३२ जणींपैकी १५ जणी पुन्हा आजारी पडल्या.

या १५ जणींपाशी मी दर वेळी थांबते. शास्त्राला त्या हव्या होत्या, हे मला समजतं. पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी त्यांच्या उत्तराला तिथे किंमत नव्हती. १९१६ साली तो चांगला आहार थांबला आणि ताटात पुन्हा जुनं अन्न आलं, तेव्हा बऱ्या झालेल्यांतल्याही पुष्कळजणींना पेलाग्रा परत झाला. सिद्धांत आणखी पक्का झाला. मला मात्र ते वाचताना संताप येतो.

त्याच साली, संसर्ग मानणाऱ्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून, गोल्डबर्गर यांनी रुग्णांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. त्यांच्या पत्नी मेरी यांनीही टोचून घेतलं. कुणालाही पेलाग्रा झाला नाही. तरी दक्षिणेतल्या पुढाऱ्यांना ते पटेना, कारण आमची माणसं उपाशी आहेत हे कबूल करावं लागलं असतं. गोल्डबर्गर १९२९ मध्ये वारले. अन्नातला तो हरवलेला घटक, नायसिन, १९३७ साली कॉनरॅड एल्व्हेजम यांनी ओळखला. मेक्सिकोतल्या बायका मात्र शतकानुशतकं मका चुन्याच्या पाण्यात शिजवत होत्या. त्यामुळे मक्यात अडकलेलं नायसिन मोकळं होतं, आणि म्हणून तिथे मका मुख्य अन्न असूनही हा रोग पसरला नाही.

आपल्याकडे त्याच काळात, १९१२ साली, वेड्यांसंबंधीचा नवा कायदा झाला. ठाणे, येरवडा, रत्नागिरी, नागपूर इथली इस्पितळं पुढे कित्येक दशकं त्याच कायद्याखाली चालली. प्रत्येक इस्पितळाला किमान तीन पाहणी-सदस्य नेमायचे, दोघांनी तरी महिन्यातून एकदा सगळी जागा फिरून प्रत्येक रुग्णाला पाहायचं, असं त्यात होतं. नियम चांगलाच आहे. पण पाहणीला कुठल्या वेळी यायचं, हे महत्त्वाचं. दुपारी चारला सारवलेलं स्वयंपाकघर दिसतं. साडेअकराला आलं तर डाव दिसतो.

आणि पेलाग्रा आपल्याला परका नाही. दख्खनच्या ज्वारीच्या मुलखात, जिथे गरिबाच्या ताटात भाकरीशिवाय फारसं काही नसे, तिथेही तो आढळला. हैदराबादचे डॉक्टर सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतल्या ल्यूसिन या प्रथिनांच्या घटकाकडे या रोगाचं कारण म्हणून बोट दाखवलं. त्यावर पुढे वाद झाले. भाकरीला मात्र कुणी नावं ठेवू नयेत. भाकरीसोबत डाळ असली, वाटीभर ताक असलं, की ती उत्तम अन्न आहे. कोरडीच खावी लागली तर घात होतो.

असा माणूस खिन्न होतो, झोप उडते, बोलणं तुटतं. घरचे घाबरून मनोरुग्णालयात आणतात. जाणता डॉक्टर त्याची बाही वर सरकवतो, मनगट पाहतो, गळा पाहतो, आणि घरच्यांना विचारतो की रोज जेवायला काय असतं. नायसिनच्या गोळ्या सुरू होतात, ताटात डाळ आणि दूध येतं. काही दिवसांत तो माणूस नावानं हाक मारली की वळून बघतो. मग घरी कधी जायचं, म्हणून विचारायला लागतो.