क्युपर्टिनोच्या पाच शाळा आणि एक गॅरेज

हे कॅलिफोर्नियातल्या लॉस आल्टोसमधलं साधंसं एकमजली घर. बाहेर कोणी ना कोणी गाडी थांबवून फोटो काढत असतं, कारण 1976 मधे अ‍ॅपल याच गॅरेजमधे सुरू झाली असं सगळे सांगतात (अ‍ॅपलच्या संस्थापकांपैकी एक, वॉझनियाक, स्वतः म्हणतात की डिझाइन वगैरे तिथे काही झालंच नाही, पण ते जाऊदे). मजा म्हणजे दुसरे संस्थापक स्टीव जॉब्स, त्यांचं कुटुंब या घरात आलं ते मुलाच्या मिडल स्कूलपायी. सातवीतल्या स्टीवला माउंटन व्ह्यूच्या शाळेत पोरं इतकी छळायची की त्याने घरी सांगून टाकलं, मी तिथे परत पाय ठेवणार नाही. मग आईवडिलांनी चौकशी केली, होते नव्हते ते पैसे गोळा केले आणि 21 हजार डॉलरला हे घर घेतलं, कारण ते क्युपर्टिनोच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) हद्दीत येत होतं. नव्या शाळेत त्याला बिल फर्नांडिस भेटला, आणि त्याच फर्नांडिसने पुढे त्याची वॉझनियाकशी गाठ घालून दिली.

पन्नासहून जास्त वर्षं झाली, शाळेसाठी घर शोधायचा हिशोब तोच चालू आहे, फक्त आता तो एक्सेल शीटमधे होतो. आम्हीपण केला होता, खोटं कशाला बोलू. मुलगी पाचवीत, भाड्याचं अपार्टमेंट, आणि रात्री जेवणं झाली की नवराबायको लॅपटॉप उघडून या डिस्ट्रिक्टच्या पाच मिडल स्कूलची नावं समोर ठेवायचो. हाइड, केनेडी, लॉसन, मिलर आणि क्युपर्टिनो मिडल. सहावी ते आठवी. नावावर जाऊ नका हं, क्युपर्टिनो मिडल सनीवेलमधे आहे आणि मिलर सॅन होजेमधे, शहराची हद्द वेगळी आणि शाळेच्या डिस्ट्रिक्टची वेगळी. पुण्यात कसं, राहायला सिंहगड रोडला आणि शाळा पेठेत, व्हॅन लावली की झालं. इथे आधी पत्ता, मग शाळा. म्हणून शाळा निवडायची म्हणजे घरच निवडायचं, आणि इथे आज वीस लाख डॉलरच्या खाली स्वतंत्र घर मिळणं कठीण.

शीटमधला पहिला कॉलम अर्थातच रेटिंगचा. ग्रेटस्कूल्स या शाळांना रेटिंग देणाऱ्या वेबसाइटचा एक ते दहामधला आकडा, घरांच्या साइटवर फोटोखालीच दिसतो, त्यामुळे घर बघता बघता शाळेबद्दल मत बनून जातं. आता हा आकडा मुख्यतः येतो राज्याच्या परीक्षेतून, तिसरी ते आठवी दरवर्षी आणि मग अकरावीत. पण परीक्षा देतंय कोण? दोघं आईवडील इंजिनीअर, शनिवारी कुमॉनची शिकवणी, रविवारी आणखी एक मॅथचा क्लास, आणि सोमवारी हीच पोरं पाचातल्या कुठल्यातरी शाळेत जाऊन बसणार. मार्क शाळेचे का क्लासचे? बरं, डिस्ट्रिक्ट एकच असल्यामुळे पाची शाळांचा कारभार बघणारं बोर्ड एक, शिक्षकांची पगाराची पट्टी एक, अभ्यासक्रमपण एक. नऊ आणि दहा यांच्यात आपण नक्की काय मोजतोय हे मला आजही सांगता येणार नाही.

कॅलिफोर्नियाने स्वतः हा खेळ करून सोडून दिलाय. 2013 पर्यंत प्रत्येक शाळेला 200 ते 1000 मधला एकच स्कोअर मिळायचा, लोक तो पाठ करायचे, घराच्या जाहिरातीत छापायचे. 2017 पासून त्याऐवजी डॅशबोर्ड आला, लाल ते निळा असे पाच रंग, आणि रंग ठरताना यंदाचा निकाल आणि गेल्या वर्षीपेक्षा किती वरखाली झाला, दोन्ही बघतात. पण मला त्यातली वाचण्यासारखी वाटली ती मार्कांची पट्टी नाही, गैरहजेरीची. दहा टक्के किंवा जास्त दिवस शाळा बुडवणारी मुलं किती, शिक्षा म्हणून घरी पाठवलेली किती. बारा-तेरा वर्षांचं पोर सकाळी पोट दुखतंय म्हणायला लागलं की काहीतरी बिनसलंय हे कुठल्याही आईला कळतं. आमच्या शीटमधे हा कॉलमच नव्हता.

आणि खरी गंमत पुढेच आहे. मिडल स्कूलच्या नावाने जी मारामारी चालते ती मिडल स्कूलसाठी नसतेच! हायस्कूलं वेगळ्याच डिस्ट्रिक्टची, नाव फ्रीमाँट युनियन, पण खाडीपलीकडच्या फ्रीमाँट गावाशी त्याचा काही संबंध नाही (माझ्या सासूबाईंना हे अजून पटलेलं नाहीये). केनेडीची मुलं बहुतेक माँटा व्हिस्टाला, मिलरची लिनब्रुकला, हाइडची क्युपर्टिनो हायला, क्युपर्टिनो मिडलची बरीचशी होमस्टेडला, म्हणजे जॉब्स आणि वॉझनियाकच्या शाळेत, आणि लॉसनची मुलं विभागली जातात. तेही ठरतं पत्त्यावरूनच. मधली तीन वर्षं कशी जाणार याची चर्चा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर क्वचितच होते, कुठल्या लाइनमधे लागतोय याचीच होते.

या सगळ्यात घरं इतकी महाग झाली की लहान मुलंवाल्यांना इथे शिरताच येईना. जुने लोक घर सोडत नाहीत, 1978 च्या प्रॉपोझिशन 13 मुळे त्यांच्या प्रॉपर्टी टॅक्सचं मूल्यांकन वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढत नाही, मग कशाला सोडतील. मुलं कमी होत गेली आणि 2022 मधे रेगनार्ट आणि मायरहोल्झ या दोन प्राथमिक शाळा बंद झाल्या. ज्या डिस्ट्रिक्टमधे घुसायला लोक जन्माची कमाई ओततात, तिथेच वर्ग रिकामे.

आम्ही शेवटी घर घेतलं नाही, दुसरं अपार्टमेंट भाड्याने घेतलं. कुठल्या शाळेच्या हद्दीत ते सांगत नाही, उगाच कमेंटमधे भांडणं. मुलगी आता सातवीत आहे. हा व्हिडिओ करताना पहिल्यांदाच तिला विचारलं, तुझी शाळा कशी आहे गं. म्हणाली, बँडच्या सरांचा तास भारी असतो, आणि लंचला सावलीतली टेबलं कमी आहेत, पण ती नवीन मुलगी आमच्यासाठी जागा धरून ठेवते.