धागा ओढला की रेघ दिसते

(दृश्य: दुपार, खिडकीशी मशीन, टेबलावर पांढरी मलमल)

हे आमच्या काकूंचं शिवणाचं टेबल, ठाण्यात, नौपाड्यात. समोर पसरलीय ती जांभळी नाक्यावरून आणलेली मलमल, काल रात्रीच पाण्यातून काढलेली, हलकी खळ देऊन दमट असतानाच इस्त्री फिरवलेली. खळ नसली ना, तर मलमल सुईखाली नुसती पळते, आणि पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत तर विचारूच नका, सकाळी कडक केलेलं कापड संध्याकाळपर्यंत परत मऊ.

आज कुर्त्याच्या पुढच्या भागावर पिनटक्स घालायच्यात. टाचणीएवढी बारीक घडी, तिच्या कडेला धरून टीप, आणि अशा एकीशेजारी एक, दोन-दोन सूत, म्हणजे पाव-पाव इंच सोडून.

मी आधी खडूने रेघा मारायचे, पट्टी लावून, अगदी मोजूनमापून, तरी धुतलं की टक पिळवटायचीच. काकूंनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, रेघ कशाला मारतेस, ती कापडातच आहे. धागा ओढ."

(दृश्य: बोटं, अगदी जवळून)

हे बघा. कापलेल्या कडेला सुईच्या टोकाने एक उभा धागा उचलायचा, एकच, आणि चिमटीत धरून हळूहळू ओढत राहायचं, कापड चुण्या घेत गोळा होतं, त्या चुण्या दुसऱ्या हाताने पुढे सारायच्या. मधेच तुटतो, तुटणारच, मलमलचा धागा तो, मग तुटला तिथलं टोक शोधून परत सुरू. धागा निघाला की मागे केसाएवढी फट राहते. उजेडाकडे धरलं की दिसते. त्या फटीवर घडी घातली की ती धाग्याच्या रेषेतच बसते, तिरकी जायला जागाच नाही, म्हणून मग धुतल्यावर पिळवटत नाही.

टीप घडीपासून 2 मिलिमीटरवर. सुई 9 नंबरची, टाका बारीक, सुरुवात मधल्या टकपासून.

झिगझॅग मशीनवर डबल सुई लावूनही टक्स घालतात. वर दोन रिळं, खाली एकच बॉबिन, तो बॉबिनचा दोरा दोन टिपांमधे नागमोडी जातो आणि दोघींना जवळ ओढतो, म्हणून मधलं कापड वर उठतं. साध्या काळ्या पायमशीनवर मात्र ही सुई लावू नका, प्लेटचं भोक एकाच सुईपुरतं असतं, सुई आपटून तुटते. काम झटपट होतं हे खरं, पण ती टक गोलसर उभी राहते, घडीची टक कशी पातळ पानासारखी एका बाजूला पडते. मला तीच आवडते.

आणि कापायची घाई नाही करायची. 2 मिलिमीटरची एक टक 4 मिलिमीटर कापड खाते, म्हणजे 20 टक्सना 8 सेंटीमीटर गेले! माझा पहिला कुर्ता मी आधी बेतून कापला, मग टक्स घातल्या, पुढचा भाग इतका अरुंद झाला की बाजूंना पट्ट्या जोडाव्या लागल्या, फार वाईट वाटलं होतं तेव्हा.

(दृश्य: इस्त्री)

विसावी टक झाली. आधी टिपेवरून सरळ इस्त्री, मग मधल्या रेषेपासून डावीकडच्या डाव्या बाजूला, उजवीकडच्या उजव्या. काकू कापड खिडकीत धरतात, टक्सच्या जागी सावली दाट होते, मधे पातळ. मग ते टेबलावर पसरून त्यावर कागदाचा पॅटर्न ठेवतात, टाचण्या लावतात, आणि आता कुठे कात्री हातात घेतात.