सव्वा मूठ गहू आणि गेममधली आडकामं

नमस्कार श्रोतेहो. रोल-प्लेइंग गेममध्ये खेळणारा एखाद्या पात्राचं सोंग घेतो आणि मोठ्या कामगिरीवर निघतो. वाटेत त्याला आडकामं लागतात. कुणाची बकरी हरवलेली असते, कुणाची चिठ्ठी पोचवायची असते. पोरं यांना साईड क्वेस्ट म्हणतात. ती केली नाहीत तरी मुख्य गोष्ट अडत नाही. तरीही काही आडकामं वर्षानुवर्षं लक्षात राहतात, आणि काही संपल्या क्षणी विसरतात.

२०१५ च्या ‘द विचर ३’मध्ये सुरुवातीच्याच भागात एक म्हातारी कुलूपबंद झोपडीसमोर उभी आहे. राक्षस मारणाऱ्या नायकाला ती सांगते, माझा तवा आत अडकलाय, तेवढा काढून दे. दार फोडून आत गेलं की एक प्रेत, जळके कागद, आणि घासूनपुसून लख्ख केलेला तवा. कुणीतरी तव्याची काजळी खरवडून तिची शाई केली होती. खून, युद्ध, गुप्त पत्रं हे सगळं त्या चार भिंतींत आहे, आणि बाहेर म्हातारी तवा स्वच्छ झाला म्हणून खूश! बक्षीस म्हणाल तर अगदीच किरकोळ. काम मात्र त्याच बाईचं, त्याच तव्याचं. दुसऱ्या कुणाच्या तोंडी घालून बघा, जमणार नाही.

याउलट २०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये काही कामं संगणकच जुळवतो. साचा ठरलेला, त्यात गुहेचं नाव आणि माणसाचं नाव भरायचं. अशी कामं कधी संपतच नाहीत. दहाव्या गुहेनंतर खेळणारा संवाद न वाचताच बटण दाबत सुटतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

आता आपल्याकडचंच एक आडकाम रचून बघू. श्रावणात नागपंचमीनंतरचा पहिला रविवार, खानदेशातल्या घरात कानबाई देवी बसायची आहे. रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या दर पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. गेममधली आजी खेळणाऱ्याला म्हणते, “भाऊ, हात दुखतात, तेवढे गहू मोजून दे.” घरात आजोबा, थोरला मुलगा आणि दोन नातू. चार माणसं, म्हणजे पाच मुठी. थोरला ओट्यावरून ओरडतो, “चारच माणसं धर!” आजी सुपाकडे बघत एवढंच बोलते, “मन्हा आंडोर सुरतले ऱ्हास.” म्हणजे, माझा मुलगा सुरतेला राहतो. भांडून गेलेला धाकटा धरला तर सव्वासहा मुठी होतात.

इथे पडद्यावर ‘चांगलं’, ‘वाईट’ अशी दोन बटणं आणू नका. खेळणाऱ्याला खरोखर मूठ मूठ टाकू द्या आणि कुठे थांबायचं ते त्याचं त्याला ठरवू द्या. नकाशावर बाणही नको.

यंत्रात हे मांडायला फार लागत नाही. एक व्हेरिएबल, म्हणजे बदलता आकडा लक्षात ठेवणारा एक कप्पा, पुरतं: ० म्हणजे आजी भेटलीच नाही, १ म्हणजे काम घेतलं, २ म्हणजे पाच मुठी, ३ म्हणजे सव्वासहा. संवाद दहा-बारा वाक्यांचा. गडबड होते ती वेगळ्याच ठिकाणी. खेळणारा आजीला भेटण्याआधीच भटकत भटकत सुरतेच्या मुलापर्यंत पोचतो, आणि मुलगा विचारतो, “आईनं पाठवलं का?” कोण आई? म्हणून व्हेरिएबल ० असताना त्याच्या तोंडी वेगळं वाक्य हवंच. दुसरी फजिती गव्हाची. ते साध्या सामानात टाकले तर कुणीतरी दुकानात जाऊन ते विकतो आणि काम कायमचं अडकतं. त्या गव्हाला ‘विकता न येणारी वस्तू’ अशी खूण करून ठेवा.

तिसरा प्रश्न वेळेचा. काम घेऊन खेळणारा निघून गेला आणि रविवार उलटला तर? बरेच जण घड्याळच थांबवतात. आजी महिनाभर सूप घेऊन तशीच उभी. माझ्या मते रविवार जाऊ द्यावा. आजीने दुखऱ्या हातांनी स्वतःच पाच मुठी मोजल्या, असं दाखवावं. २००० सालच्या ‘झेल्डा: मेजोराज मास्क’मध्ये तीन दिवसांचं चक्र आहे. ताटातूट झालेल्या एका जोडप्याला भेटवायचं तर ठरल्या वेळी ठरल्या जागी हजर राहावं लागतं. ते काम लक्षात राहतं यात त्या घड्याळाचा मोठा वाटा आहे.

मग परिणाम. २०१० च्या ‘मास इफेक्ट २’मध्ये साथीदारांची खासगी कामं टाळली तर शेवटच्या मोहिमेत ते साथीदार जिवाला मुकू शकतात. आपल्याला एवढं टोक गाठायची गरज नाही. सव्वासहा मुठी टाकल्या असतील, तर सोमवारी त्या घरात एक जादा रोट फडक्याखाली झाकलेला दिसू द्या. थोरल्याची किराणा टपरी असेल तर तो उधारी बंद करेल. पाच टाकल्या असतील, तर आजी पुढच्या भेटीत “ये भाऊ” म्हणेल आणि लगेच आत जाईल. यासाठी दोन चित्रं आणि चार वाक्यं पुरतात.

पैसे आणि तलवार देऊ नका. द्यायचंच तर आजीने रोटाचा तुकडा पुढे करावा. पण अनेक घरांत रोट भाऊबंदांतच खातात. तेव्हा तो तुकडा पाहुण्याच्या हातावर ठेवायचा की नाही, हे लिहिण्याआधी आपल्या घरातल्या जाणत्या बाईला विचारून घ्या.