पेठ मोजली की सोमवार?

अध्यक्ष महोदय, प्राध्यापक मंडळी, आणि दाराजवळच्या बाकांवर बसलेले माझे खरे मित्र,

पत्रिकेत विषय छापलाय, 'दोन गटांतील फरक : विद्यार्थ्यांच्या संशोधनातल्या तीन चुका'. तिन्ही सांगणार आहे. त्याआधी एक गोष्ट, पाच मिनिटांत उरकतो. (हशा) माझे विद्यार्थी हसले, त्यांना माझी पाच मिनिटं माहीत आहेत.

संख्याशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यातलं निम्मं दुसऱ्यांच्या विद्यार्थ्यांचे लघुप्रबंध तपासण्यात. शीर्षक आता वाचावं लागत नाही. 'ग्रामीण व शहरी', 'मुले व मुली', 'अनुदानित व विनाअनुदानित', आणि शेवटी 'एक तुलनात्मक अभ्यास'. मधल्या गाळलेल्या जागेत समायोजन, चिंता, आत्मविश्वास, जे हाताला लागेल ते. प्रत्येक गटात तीस जण. तीसच का? "सर, गाईड म्हणाले." एकानं ग्रामीण म्हणून उचगावची मुलं घेतली होती. उचगाव! कोल्हापूरला चिकटलेलं. सकाळी केएमटीच्या बसनं शहरात येतात, राजारामपुरीत क्लासला बसतात, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खातात आणि रात्री ग्रामीण होतात.

तर गोष्ट. बाहेरचा परीक्षक म्हणून एका ठिकाणी तोंडी घ्यायला गेलो होतो. ठिकाण सांगत नाही, गाईड सभागृहात असू शकतात. पोरगा तगडा, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. विषय होता, शिवाजी पेठ व मंगळवार पेठ येथील युवकांच्या आक्रमकतेचा तुलनात्मक अभ्यास. मी खूश झालो. निदान पोरानं स्वतःच्या गल्लीतला प्रश्न उचलला होता. निष्कर्ष काय, तर शिवाजी पेठ अधिक आक्रमक. टी-मूल्य, म्हणजे फरक योगायोगाचा आहे का हे तपासणारा आकडा, २.३१, कोष्टकातली मर्यादा २.००, सबब 'शून्य परिकल्पनेचा', म्हणजे 'फरक नाही' या गृहीतकाचा, 'त्याग करण्यात आला'. त्याग! बिचारी वनवासाला निघाल्यासारखी.

"तू कुठल्या पेठेतला?" मी विचारलं.

"मंगळवार, सर."

ते सोडून दिलं. मला परिशिष्टं चाळायची खोड आहे. भरलेल्या प्रश्नावल्या सुतळीनं बांधून ठेवलेल्या, वर उजवीकडे तारीख. शिवाजी पेठेच्या तीसही फॉर्मांवर एकच तारीख, सोमवारची. मंगळवार पेठेचे मात्र दीडदोन महिन्यांनी, सुट्टीत, सावकाश भरून घेतलेले.

"सोमवारच का रे?"

"रविवारी दोन्ही पेठांची फुटबॉल फायनल होती, सर. दुसऱ्या दिवशी सगळे एका कट्ट्यावर सापडले."

"हरलं कोण?"

पोरगा गप्प. गाईड खिडकीतून वडाचं झाड बघू लागले.

"शिवाजी पेठ. टायब्रेकरवर."

आता कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठेची इज्जत, हे तुम्हाला मी सांगू? मी चौदावा प्रश्न काढला. 'गेल्या आठवड्यात मला कुणाला तरी मारावेसे वाटले.' पर्याय : कधीच नाही, क्वचित, अनेकदा, नेहमी. एका फॉर्मवर 'नेहमी'ला गोल, त्याच्या शेजारी बॉलपेननं, कागद फाटेस्तोवर दाबून लिहिलेलं : 'रेफ्रीला'.

म्हटलं, बाळा, तू पेठ मोजली नाहीस, सोमवार मोजलास.

पोरगा प्रामाणिक. म्हणाला, "सर, पुन्हा मोजतो. पण फरक नाही आला तर पेठेत तोंड कसं दाखवू?" आमच्या संशोधनातली अडचण त्या एका वाक्यात...

चिठ्ठी आली. 'सर, सात मिनिटे.' बरं. पळतो आता.

पहिली चूक गटाची. रेघ आपण मारलेली नसते, आयती मिळते, आणि ती कुणी, कशासाठी मारली हे कुणी विचारत नाही. १९०१च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले साहेब. नाकं मोजून त्यांनी सांगितलं की नाक जितकं रुंद तितकी जात खालची. इकडे आमच्या शाहू महाराजांनीही जाती मोजल्या. १८९४ला गादीवर आले तेव्हा दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. त्यासाठी टी काढावा लागला नाही. २६ जुलै १९०२ला ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. जाती दोघांनीही मोजल्या. साहेबांनी नाक बघितलं, महाराजांनी खुर्ची बघितली. दसरा चौकातली बोर्डिंगं, म्हणजे महाराजांच्या काळातली जातवार वसतिगृहं, बघायला जाल तेव्हा यावर बोलू, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

दुसरी, फरक नाही आला की तोंड लपवायचं. इरावती कर्वे १९२८ ते १९३० बर्लिनमध्ये मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्याकडे संशोधन करत होत्या. कवट्यांच्या दोन बाजूंमधली विषमता मोजायची होती. युरोपियनांच्या कवट्या इतरांपेक्षा वेगळ्या निघतील ही गुरूंची अपेक्षा. बाईंनी मोजलं, तसा फरक सापडला नाही, तर नाही असंच लिहिलं. परक्या देशात, गुरूच्या तोंडावर. आणि आपल्याला मंगळवार पेठेची भीती!

तिसरी सगळ्यात मोठी आणि माझ्याकडे दोन मिनिटं. सरासरीच्या मागे लपलेला पसारा, म्हणजे एकाच गटातल्या माणसामाणसांतला फरक. ज्या टीवर आपण जगतो तो विल्यम गॉसेटचा. डब्लिनला गिनेसच्या दारूच्या कारखान्यात नोकरीला, नमुने थोडे, म्हणून लहान नमुन्यांसाठी त्यानं ही युक्ती काढली. कंपनी स्वतःच्या नावानं छापू देईना, म्हणून १९०८ला 'स्टुडंट' नावानं छापली. विद्यार्थ्यांना विद्यार्थ्याचंच सूत्र! पण टी फक्त एवढंच बघतो की सरासऱ्यांमधला फरक निव्वळ योगायोगानं येण्यासारखा आहे का. माणसं किती वेगळी, हे तो सांगत नाही. आपल्या पोराचा २.३१ घ्या, सोमवार विसरा. दोन्ही पेठांतून एकेक गडी उचलून १०० जोड्या लावल्या, तर साधारण ३४ वेळा मंगळवार पेठेचाच जास्त तापट निघेल. फरक सार्थक, म्हणजे योगायोगाचा न वाटणारा, असूनही! आनुवंशशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिननं १९७२ला जगभरच्या माणसांचं आनुवंशिक वैविध्य मोजलं. त्यातलं सुमारे ८५ टक्के एकेका लोकसमूहाच्या आतच होतं.

वेळ संपली. दोन गटांचे घंटाकृती वक्र एकमेकांवर किती चढतात, ती आकृती बघितल्याशिवाय हे डोक्यात बसत नाही, म्हणून दाराशी झेरॉक्स ठेवल्यात, प्रत्येकानं एक घ्या. फक्त... आत्ता इथं बघतोय, झेरॉक्सवाल्यानं एकच बाजू काढलीय. आकृती मागच्या बाजूला होती.