जबड्यातली गाठ: नाव ठेवण्याआधी

हा खालच्या जबड्याचा ओपीजी, म्हणजे सगळे दात आणि जबडे एकत्र दाखवणारा एक्स-रे. शेवटच्या दाढेमागे काळसर पोकळी आहे. दुखणं नाही, सूज सावकाश वाढलेली. अशा फिल्मवर ‘सिस्ट’ (द्रव भरलेली पिशवी) लिहून मोकळं होण्याची सवय असते. बहुतेकदा ते बरोबरही निघतं, पण दुर्मिळ गाठीही अशाच दिसतात.

आता हाडात अडकलेला हा वरचा सुळा. काळी कडा कुठे चिकटली आहे ते पाहा. डेन्टिजेरस सिस्ट, म्हणजे न उगवलेल्या दाताभोवतीची सिस्ट, दाताच्या मानेपाशी चिकटते. इथे कडा मान ओलांडून मुळाकडे सरकली आहे आणि आत पांढरे बारीक ठिपके आहेत. म्हणजे ॲडिनोमॅटॉइड ओडोन्टोजेनिक ट्यूमर (दात घडवणाऱ्या ऊतींची सौम्य गाठ) आधी मनात यायला हवा. ओपीजीत हे ठिपके हुकतात, दाताच्या छोट्या एक्स-रेत सापडतात.

तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढण्याआधी, म्हणजे बायोप्सीआधी, सुई. हाड पातळ झालंय तिथून जाड सुई घालून ओढून पाहतात. काहीच आलं नाही तर गाठ घन असण्याची शक्यता वाढते. सिरिंज ताज्या रक्ताने भरू लागली, तर बायोप्सी तिथेच थांबवायची. रक्तवाहिन्यांची विकृती असेल तर साधा दात काढतानाचा रक्तस्रावही जिवावर बेततो. आधी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचं चित्रण.

युनिसिस्टिक ॲमेलोब्लास्टोमा, म्हणजे एकाच पोकळीची, सिस्टसारखी दिसणारी गाठ, निसटते ती चुकीच्या जागेच्या तुकड्यामुळे. सुजलेल्या अस्तरात तिच्या खुणा पुसल्या जातात, म्हणून भिंतीचा जाड, उंचवट्याचा भागही घ्यावा. तुकडा 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये, द्रावण त्याच्या किमान 10 पट. पुढे बीआरएएफ या जनुकातला बदल शोधणारी चाचणी लागणार असेल तर हाड मऊ करायला तीव्र आम्ल नको, ईडीटीए हे कॅल्शियम सावकाश काढून घेणारं रसायन वापरावं. वेळ खातं, पण डीएनए टिकतो.

आणि स्लाइड? तीही फसवते. न उगवलेल्या दाताभोवतीची निरोगी फॉलिकल (दाताची पिशवी) मिक्सोमा या मऊ, बुळबुळीत गाठीसारखी दिसते. सोबत एक्स-रे पाठवला नाही, तर पॅथॉलॉजिस्टने ओळखायचं कशावरून? डॅनिश पॅथॉलॉजिस्ट पिंडबोर्ग यांनी 1955 साली वर्णन केलेल्या गाठीतल्या पेशी इतक्या वेड्यावाकड्या असतात की कर्करोग वाटावा. पण पेशीविभाजन क्वचितच दिसतं, आणि काँगो रेड या रंगाने रंगवून ध्रुवित प्रकाशाखाली धरलं की तिच्यातलं अमायलॉइड (साचलेलं प्रथिन) हिरवं चमकतं.

जायंट सेल ग्रॅन्युलोमा, म्हणजे मोठ्या, अनेक केंद्रकांच्या पेशींची गाठ, हिचं उत्तर तर स्लाइडवर नसतंच. हायपरपॅराथायरॉइडिझममध्ये, म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त हॉर्मोन सोडतात तेव्हा, हाडात होणारा ब्राउन ट्यूमर सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब तसाच असतो. म्हणून शस्त्रक्रिया ठरवण्याआधी रक्तातलं कॅल्शियम आणि पीटीएच (त्याच ग्रंथींचं हॉर्मोन) तपासायचं. दोन्ही वाढलेले असतील तर पहिला उपचार मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथीवर. त्यानंतर जबड्यातली गाठ बऱ्याचदा आपोआप आटते.