गॅरेजमध्ये घडलेला बॅटमॅन

(दृश्य: खोल खाचांचा टायर, अगदी जवळून. कॅमेरा हळूहळू मागे सरकतो.)

हा मागचा टायर. व्यास 37 इंच. मूळचा चिखल-खडकांत फिरणाऱ्या फोर-बाय-फोर गाड्यांचा. मागे असे चार, एकेका बाजूला दोन-दोन. आता पुढे या. इथली चाकं रेसिंगची. या दोन चाकांना जोडणारा आडवा अॅक्सल शोधा. सापडणार नाही, कारण तो ठेवलेलाच नाही.

ही टम्बलर. 2005 साली आलेल्या ‘बॅटमॅन बिगिन्स’मधली बॅटमॅनची गाडी.

(दृश्य: निऑनचे निळे-हिरवे दिवे.)

त्याआधीचा ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ 1997चा. दिग्दर्शक जोएल शूमाकर यांनी तो मुद्दाम भडक ठेवला होता, जुन्या कॉमिक्सच्या पानासारखा. रबरी पोशाखाच्या छातीवर स्तनाग्रं कोरली होती आणि चाहत्यांचा राग या स्तनाग्रांवरच सगळ्यात जास्त निघाला. ठरलेला पुढचा भाग रद्द झाला.

(दृश्य: लहान मॉडेलं, सुटे प्लास्टिकचे भाग, गोंदाची नळी.)

2003च्या सुरुवातीला नव्या बॅटमॅनच्या दिग्दर्शनाचं काम क्रिस्टोफर नोलन यांच्याकडे आलं. लॉस एंजेलिसमधल्या त्यांच्या घराच्या गॅरेजमध्ये प्रॉडक्शन डिझायनर नेथन क्राउली मॉडेलं जोडायला बसले. पटकथा लिहिली जात होती तेव्हाच गाडीही घडत होती. बाजारात मिळणारी मॉडेल-किटं फोडायची, सुटे भाग एकमेकांना चिकटवायचे. टर्बाइनसाठी पी-38 या लढाऊ विमानाच्या किटमधलं नाक वापरलं. चार महिन्यांत 1:12 मापाची अर्धा डझन मॉडेलं झाली. मग स्टायरोफोमच्या ठोकळ्यातून पूर्ण आकाराची गाडी कोरली. त्यालाच दोन महिने गेले.

पुढचं काम इंग्लंडमध्ये, स्पेशल इफेक्ट्सवाले क्रिस कोर्बोल्ड आणि अँडी स्मिथ यांच्याकडे. पोलादी सांगाड्यासाठी अटी होत्या: वेग ताशी 160 किलोमीटरच्या वर, थांबलेल्या गाडीने 5 सेकंदांत शंभरीजवळ पोचायचं, शहरातल्या काटकोनी वळणावर वळायचं, आणि स्वतःच्या जोरावर 30 फुटांची उडी घेऊन पुन्हा धावायचं.

पहिल्या उडीत गाडीचं नाक चेपलं. जमिनीवर आदळताना सगळा भार पुढच्या भागावर आला होता. तो पूर्ण उतरवून नव्याने बांधावा लागला. आत 5.7 लिटरचं शेवरोले व्ही-8 इंजिन, मागचा अॅक्सल ट्रकचा, सस्पेन्शन वाळवंटातल्या शर्यतींच्या ट्रकसारखं. बाहेरून कार्बन फायबरचे 65 पत्रे. रस्त्यावर धावणाऱ्या चार गाड्या झाल्या, प्रत्येकी अडीच लाख डॉलरच्या. एकीत झडपा हलवणारी हायड्रॉलिक्स. दुसरीत मागून खरी ज्वाळा निघते, त्यासाठी आत प्रोपेनच्या सहा टाक्या.

(दृश्य: शिकागो, लोअर वॅकर ड्राइव्ह. पिवळे दिवे.)

आत बसल्यावर बाहेरचं फारसं दिसत नाही. म्हणून कॅमेरे बसवले आणि चालकासमोर मॉनिटर. या रस्त्यांवर गाडी आणण्याआधी चालकांनी सहा महिने सराव केला होता. छपरांवरून झेप घेते ती मात्र लहान, विजेवर चालणारी प्रतिकृती. बॅटमॅनच्या गुहेच्या धबधब्यातून आत येते ती खरी गाडी. ते दृश्य पुन्हा पाहा, पाणी गाडीच्या पाठीवर कसं आपटतं ते बघा. असं वजन संगणकावर सहजी येत नाही.

(दृश्य: कार्डिंग्टन, बेडफर्डशर. प्रचंड मोठ्या शेडचं दार.)

हे हँगर जवळपास 250 मीटर लांब. 1920च्या दशकात कार्डिंग्टनला आर-101 हे फुग्यासारखं तरंगणारं हवाईजहाज (एअरशिप) बांधलं गेलं. बॅटमॅनच्या गॉथम शहराची झोपडपट्टी या हँगरच्या आत उभी राहिली. नमुना हाँगकाँगच्या काउलून वॉल्ड सिटी या दाटीवाटीच्या वस्तीचा, जी तोवर पाडून झाली होती.

(दृश्य: काळं कापड, बोटांनी चाचपताना.)

बॅटमॅनची केप, म्हणजे पाठीवरचा झगा, पॅराशूटच्या नायलॉनची आहे. नायलॉनला गोंद लावायचा, विद्युतभार दिलेले बारीक तंतू त्यावर सोडायचे. तंतू उभे चिकटतात, मखमलीसारखे, आणि प्रकाश गिळून टाकतात. ही पद्धत ब्रिटिश संरक्षण खात्याकडून मिळाली.

खरं त्रासदायक काम मुखवट्याचं होतं. फोम लॅटेक्स पातळ ठेवला तर मान वळवताना सुरकुत्या पडतात. जाड केला तर मानच वळत नाही. बॅटमॅन साकारणाऱ्या क्रिश्चन बेल यांच्या अंगाचा साचा काढून फोमची मिश्रणं पुन्हा पुन्हा बदलली, तरी मान अवघडलेलीच राहिली.

सिनेमाचा खर्च 15 कोटी डॉलर, जगभरची कमाई 37 कोटींच्या आसपास. पुढे आणखी दोन भाग निघाले.

(दृश्य: मुखवटा बाजूने, मग समोरून.)

2008च्या भागात मुखवटा मानेपासून वेगळा केला, मोटारसायकलच्या हेल्मेटसारखा. त्या सिनेमात ब्रूस वेन, म्हणजे बॅटमॅन, नवा पोशाख मागतो, तेव्हा तो बनवून देणारा लुशियस फॉक्सच ओळखतो: तुला मान वळवता यायला हवी.