चित्रात मुंग्या, आवाज ठणठणीत

मंडळी, हंगाम तोंडावर आलाय. दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीतल्या, गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतील त्या होळीपर्यंत. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना खलनायकाचं काम हवं आहे, म्हणून आज बोलायला ‘शक्तिमान’ मालिकेतला खलनायक तमराज किल्विष घेतलाय. ‘शक्तिमान’ दूरदर्शनवर १९९७ ते २००५ चाललं, बरीच वर्षं रविवारी दुपारी बाराला. आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या कुणालाही विचारा, एखाद्या भागाची गोष्ट धड सांगता येणार नाही. पण ‘अंधेरा कायम रहे’ हे तो त्याच सुरात म्हणून दाखवील. नायकाची मालिका, आणि तोंडात राहिलं खलनायकाचं वाक्य. हे कसं झालं?

‘माणसाला वाईटाचं आकर्षण असतं’ हे उत्तर तयारच असतं. मला ते पटत नाही. वाईट माणसं त्या मालिकेत ढीगभर होती, त्यातली किती आठवतात? डॉक्टर जैकाल आठवतो, तोही त्याच्या ‘पॉवर’ या एका शब्दामुळं. म्हणजे शोध आवाजात घ्यायला हवा, आणि आवाज ज्या डब्यातून यायचा त्या डब्यात.

तेव्हाचा खेड्यातला टीव्ही डोळ्यांसमोर आणा. चौदा इंची, काळा-पांढरा. छपरावर बांबूला बांधलेला एंटेना: मागं सगळ्यात लांब नळी, ती रिफ्लेक्टर. मग वायर जोडलेला डायपोल, साधारण ७५ सेंटिमीटरचा. पुढं आखूड होत गेलेल्या नळ्या. आखूड टोक टॉवरकडं हवं, पण कितीतरी घरांवर ते उलटं बसवलेलं असायचं आणि मग ‘आपल्या गावात चित्रच येत नाही’ अशी ओरड. त्यात वांदरं नळ्या वाकवायची. चपट्या वायरचं प्लास्टिक उन्हानं तडकलं की पहिल्या पावसात पाणी शिरायचं. मग एक जण कवेलूवर, एक अंगणात, एक टीव्हीसमोर:

“आलं का?”

“नाही, मुंग्याच हायेत!”

“आता?”

“आवाज आला, चित्र नाही!”

या शेवटच्या वाक्यात आपलं उत्तर आहे. त्या काळच्या प्रक्षेपणात चित्र एएम पद्धतीनं यायचं आणि आवाज एफएम पद्धतीनं. सिग्नल पडला की आधी चित्रात मुंग्या येतात, आवाज बराच वेळ तग धरतो. टॉवरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या गावात निम्मी मालिका अशीच ऐकली गेली. आता बघा, शक्तिमान कशानं शक्तिमान होता? गरगर फिरण्यानं, लालसर पोशाखानं, छातीवरच्या सोनेरी चिन्हानं. सगळं डोळ्यांचं काम. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर पोशाख राखाडी, आणि फिरणं म्हणजे मुंग्यांमधली आणखी थोडी मुंग्यांची वावटळ. किल्विष मात्र मुळातच अंधारात उभा. त्याचं चित्र गेलं तरी फार काही जात नव्हतं.

आणि ते वाक्य कानानं तपासा. अं-धे-रा-का-यम्-र-हे. सात अक्षरं, त्यातली सहा गुरू, एकटा ‘र’ लघू. म्हणजे कुठंही थांबून ओढता येतं. ‘कायम’ आपल्या रोजच्या बोलण्यातला, ‘अंधेरा’ तर अंधाराचा सख्खा भाऊ. आपल्याकडं हिंदी कानावर असतेच, उलगडून सांगायची गरज पडली नाही. शिवाय डीपीवरचा, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज उडाला, गल्ली काळोखात गेली की कुणीतरी खाटेवरून हे वाक्य टाकायचं आणि सगळी गल्ली हसायची. लोडशेडिंगनं त्या खलनायकाची जेवढी जाहिरात केली, तेवढी कुणी पैसे देऊन केली नसती.

म्हाताऱ्या प्रेक्षकांचं पाहणं वेगळं होतं. शक्तिमान झालेले मुकेश खन्ना म्हणजे त्यांच्या लेखी भीष्म आणि किल्विष झालेले सुरेंद्र पाल म्हणजे द्रोणाचार्य. दोघांना त्यांनी दूरदर्शनच्याच ‘महाभारता’त पाहिलेलं. कौरवांच्या बाजूनं एकत्र लढलेले दोन थोर आता एकमेकांसमोर, हे त्यांना खटकायचं. नावावरूनही जुनी माणसं ओळखायची. किल्बिष म्हणजे पाप, गीतेच्या तिसऱ्या अध्यायात हा शब्द आहे.

सगळ्यांची एकच तक्रार मात्र सारखी: “याले मारत काहून नाही?” याचं कारण मालिकेच्या बांधणीत आहे. दर थोड्या भागांनी किल्विष नवा हस्तक पाठवतो, तो हरतो, मालक शाबूत. मालक मेला की मालिका संपली. नाटकात तुम्हाला ही सवलत नाही. रात्री दहाला पडदा उघडला की उजाडायच्या आत हिशेब चुकता करावा लागतो.

पोरांच्या खेळात शक्तिमान व्हायला कुणीही तयार, पण आठ-दहा गिरक्यांत आपटायचे. कानातल्या पोकळीतला द्रव शरीर थांबल्यावरही फिरत राहतो, म्हणून जमीन फिरते. किल्विष व्हायला अंगावर घोंगडी आणि तोंडापुढं पाण्याचा रिकामा गुंड, म्हणजे घागर, पुरे. कुणी विहिरीत ओरडायचं. चाळीस फुटांच्या विहिरीत आवाज सेकंदाच्या सुमारे सात शतांश भागात परत येतो. वेगळा प्रतिध्वनी ऐकू यायला एक दशांश लागतो, म्हणून तिथं शब्द दोनदा ऐकू येत नाही, नुसता घुमतो, आणि भीती वाटायला तेवढं घुमणं पुरतं. शक्तिमान वाचवायला येईल म्हणून पोरांनी जिवावरचे खेळ केल्याच्या बातम्या तेव्हा छापून आल्या होत्या. खुद्द मुकेश खन्ना पडद्यावरून ‘असं करू नका’ सांगायचे. काठ नसलेल्या विहिरीच्या गावात ती सूचना फालतू नव्हती.

खलनायकावर ओरडण्याची हौस आपल्याला टीव्हीनं शिकवली नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत आपण पिडेला वेशीबाहेर काढतोच. तिथंही मजा असते ती ओरडण्यात. प्रेक्षकाला ओरडायला जागा लागते, हे लक्षात ठेवा आणि आता मंडपात या.

पहिली चूक: खलनायक म्हटला की नट आवाज खाली नेतो. मंडपातले भोंगे साधारण तीनशे हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच फेकत नाहीत. पुरुषाचा खर्ज शंभरच्या आसपास. म्हणजे तुम्ही जेवढं खाली जाल तेवढे मागच्या रांगेत पुसट व्हाल. चौदा इंची टीव्हीच्या छोट्या स्पीकरचंही हेच दुखणं होतं, तरी किल्विष पोचला, कारण त्यानं वाक्य लांबवलं. नेहमीच्या पट्टीत राहा, गुरू अक्षरं ओढा, शेवटच्या शब्दानंतर दोन सेकंद हलू नका. त्या दोन सेकंदांत मंडप ओरडतो. तुम्ही लगेच पुढचं वाक्य घेतलंत तर त्यांचंही वाया, तुमचंही.

दुसरी चूक इकोची. मंडपाचं कापड आणि बसलेली माणसं आवाज पितात, म्हणून इको यंत्रातूनच द्यावा लागतो. डिले, म्हणजे आवाज परत यायला लागणारा वेळ, दीडशे ते दोनशे मिलिसेकंद; रिपीट, म्हणजे तो किती वेळा परत येतो, दोन, फार तर तीन. त्याच्या वर गेलात की ‘कायम’च्या अंगावर ‘अंधेरा’ चढतो आणि शब्द कळत नाही. त्यात जर एक भोंगा मंचापाशी आणि दुसरा तीस मीटर मागं प्रेक्षकांच्या डोक्यावर असेल, तर हवेतूनच नव्वद मिलिसेकंदांचा फरक पडतो. मागच्यांना एक इको फुकट मिळालेला असतो. अशा वेळी रिपीट एकवर आणा. इको फक्त त्या एका वाक्यापुरता चढवा, तोही साउंडवाल्याशी खूण ठरवून. सबंध प्रवेशभर चालू राहिला तर नायिकासुद्धा गुहेत बोलल्यासारखी वाटते. टांगलेल्या माईकखाली येऊनच वाक्य घ्या. तुम्ही लांबून बोललात तर तो बिचारा आवाज वाढवतो आणि माईक शिट्टी मारतो.

यंत्र इथं लावलेलं आहे. एकानं मागच्या खांबापाशी जाऊन उभं राहा. आधी रिपीट शून्यावर ठेवून वाक्य ऐकू, मग एक-एक करत वाढवू, लाइन टिकली तर.